पथ्याच्या पंगतीत जाजिकी

ग्रीसमधल्या तावेर्नात, म्हणजे तिथल्या घरगुती खाणावळीत, मुख्य जेवण येण्याआधी टेबल छोट्या छोट्या बशांनी भरून जातं. खारवलेली ऑलिव्हं, तळलेल्या झुकिनीच्या पातळ चकत्या, पाव, एखादा माशाचा तुकडा आणि या सगळ्यांच्या मधोमध एक पांढरी वाटी. चमचा उभा राहील इतकं घट्ट दही, त्यात किसलेली काकडी, वरून ऑलिव्ह तेलाची हिरवट-पिवळी धार. मराठी माणूस पहिला घास घेतो आणि म्हणतो, अरे, ही तर आपली काकडीची कोशिंबीर! दुसऱ्या घासाला कच्ची लसूण जिभेला चावते आणि तो पाण्याचा पेला शोधू लागतो.

या वाटीचं नाव जाजिकी. आपल्याकडच्या मेनूकार्डांवर इंग्रजी स्पेलिंग बघून 'त्झात्झिकी' असं काहीतरी जीभ अडखळवणारं छापलेलं असतं. खरं तर 'जा', 'जग' या शब्दांत मराठी माणूस जो ज उच्चारतो, तोच ग्रीकांचा पहिला ज. हिंदी बोलणाऱ्याला तो शिकावा लागतो, आपल्याला आयता येतो.

नाव मुळात तुर्की. ऑटोमन तुर्कांची सत्ता ग्रीसच्या बऱ्याच भागावर जवळजवळ चार शतकं होती. त्या काळात स्वयंपाकघरांची जी देवघेव झाली, त्यात तुर्कांचं 'जाजिक' ग्रीकांच्या टेबलावर आलं. तुर्की जाजिक पातळ असतं. उन्हाळ्यात त्यात पाणी, कधी बर्फाचे खडे घालून ते चमच्याने पितातसुद्धा. बल्गेरियात त्याच चालीचं 'तारातोर' हे अक्रोड घातलेलं थंड सूप आहे. इराणमधल्या 'मास्त-ओ-खियार'मध्ये पुदिना आणि बेदाणे पडतात, वर गुलाबाच्या वाळल्या पाकळ्या भुरभुरतात. सायप्रसचं 'तालातूरी' लसणीला हात आखडता घेऊन पुदिन्याला मोकळं रान देतं. आणि हीच वाट पूर्वेला चालत आली की उत्तर भारतातलं रायतं आणि आपली कोशिंबीर लागते. ग्रीकांनी या कुटुंबात भर घातली ती घट्टपणाची. पिण्याजोगा पदार्थ त्यांनी बुडवून खाण्याजोगा केला.

नेमक्या याच गुणामुळे जाजिकी ग्रीसबाहेरच्या डाएटवाल्यांच्या नजरेत भरली. मेयोनीजमध्ये बुडवून गाजर खाल्लं तर ते गाजराच्या खात्यात जमा होत नाही, हे कळल्यावर लोक दुसरी वाटी शोधू लागले, आणि ही सापडली. तेव्हापासून आहाराच्या जवळजवळ प्रत्येक पंथाने तिच्यावर आपापला निकाल देऊन ठेवला आहे. एकाचा निकाल दुसऱ्याशी जुळत नाही. गंमत अशी की खटला बहुतेक वेळा दह्यावर नसतोच. पिंजऱ्यात उभी असते ती लसूण, किंवा तेल, किंवा मीठ. कधी कधी तर शेजारच्या बशीतला पाव.

निकाल ऐकण्याआधी वाटीत काय आहे ते जवळून बघायला हवं. जाजिकीचं सगळं कसब पाणी काढण्यात आहे, आणि तेही दोनदा. काकडीत ९५ टक्के पाणी असतं. ती जाड किसणीवर किसायची, मीठ चोळून पंधरा-वीस मिनिटं चाळणीत ठेवायची आणि मग मुठीत घेऊन पिळायची. अगदी पिळायची, हातातून पाणी गळणं थांबेपर्यंत. दोन काकड्यांचा कीस शेवटी लाडवाएवढा उरतो. इथे हयगय केली की तासाभरात वाटीच्या कडेने पाण्याचं तळं साचतं आणि पाव बुडवायला गेलं की तो भिजून तुटतो. लसूण चिरून चालत नाही, मिठाबरोबर चेचून तिचं गंध लावण्याइतकं मऊ वाटण करायचं. मग थोडं व्हिनेगर, ऑलिव्ह तेल आणि बारीक चिरलेला शेपू. होय, तोच शेपू, ज्याच्या भाजीचं नाव काढताच मराठी घरात दोन तट पडतात. ग्रीक लोक तो चिमूटभर घालतात, बहुधा म्हणूनच त्यांच्याकडे भांडण होत नाही.

दुसरं पाणी दह्यातलं. ग्रीक भाषेत 'गाळलेलं दही' म्हणून जे विकलं जातं, ते आपल्या स्वयंपाकघराला नवं नाही. गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री मलमलच्या फडक्यात दही बांधून ती पुरचुंडी सिंकवरच्या नळाला टांगतात आणि खाली पातेलं ठेवतात. रात्रभर टप टप आवाज येतो. सकाळी फडक्यात जो उरतो तो चक्का. साखर आणि केशर घातलं की श्रीखंड, काकडी आणि लसूण घातली की जाजिकी. भारतीय अन्नमानकांप्रमाणे चक्क्यात किमान ३० टक्के घनपदार्थ असावे लागतात आणि त्या घनपदार्थांत किमान ३३ टक्के स्निग्धांश. म्हणजे शंभर ग्रॅम चक्क्यात जवळपास १० ग्रॅम स्निग्धांश आला. ग्रीसमध्ये जुन्या पद्धतीच्या गाळलेल्या दह्यातही १० टक्क्यांच्या आसपासच स्निग्धांश असतो. दोन देशांच्या आज्यांनी एकमेकींना न विचारता गाठलेला हा आकडा!

पाणी निथळतं तेव्हा ते एकटं जात नाही. त्याच्याबरोबर दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, काही प्रमाणात वाहून जाते. थोडं कॅल्शियमही जातं. प्रथिनं मात्र बहुतांशी फडक्यातच राहतात. त्यामुळे सायीच्या दुधाच्या साध्या दह्यात शंभर ग्रॅममागे प्रथिनं साडेतीन ग्रॅमच्या आसपास असतात, तर ग्रीक पद्धतीच्या दह्यात ती नऊ-दहा ग्रॅमपर्यंत चढतात. जिमला जाणारी पोरं ज्या डब्यांसाठी दुप्पट पैसे मोजतात, त्या डब्यांतली जादू एवढीच. एका फडक्याची.

आता थोडा हिशेब. पाव किलोचे दोन डबे, म्हणजे अर्धा किलो ५ टक्के स्निग्धांशाचं गाळलेलं दही, एक मोठी काकडी, दोन-तीन लसूण पाकळ्या आणि दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, एवढ्याची जाजिकी केली तर सगळ्या वाडग्यात साधारण साडेसातशे कॅलरी भरतात. त्यांतल्या २४० एकट्या तेलाच्या. पन्नास ग्रॅमचा, म्हणजे तीन मोठ्या चमच्यांचा वाटा घेतला तर ६० कॅलरी, जेमतेम अडीच ग्रॅम कर्बोदकं, साडेतीन ग्रॅमच्या वर प्रथिनं आणि चार ग्रॅम स्निग्धांश. तेवढ्याच वजनाच्या मेयोनीजमध्ये ३४०च्या आसपास कॅलरी असतात. हा फरक डोळ्यांत भरण्यासारखाच आहे. पण जाजिकीबरोबर एक मोठा पिटा, म्हणजे तिकडची गोल रोटी, खाल्ली की आणखी १६५ कॅलरी आणि ३३ ग्रॅम कर्बोदकं पोटात जातात, हे वाटी उचलताना कुणी मोजत नाही.

या वाटीचं माहेर ज्या आहारात आहे, तिथून सुरुवात करू. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी १९५८मध्ये सात देशांतल्या पुरुषांच्या आहाराचा आणि हृदयविकाराचा अभ्यास सुरू केला. त्यात ग्रीसचं क्रीट बेट होतं. क्रीटचे शेतकरी आपल्या ऊर्जेचा ४० टक्क्यांच्या आसपास भाग स्निग्ध पदार्थांतून मिळवत होते आणि तरी हृदयविकाराने मरण्याचं त्यांचं प्रमाण सगळ्यांत कमी होतं. स्निग्धांश बहुतेक ऑलिव्ह तेलाचा होता. यातूनच पुढे 'भूमध्यसागरी आहार' हा शब्द जगभर झाला. २०१०मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत बसवलं. कीज स्वतः दक्षिण इटलीतल्या एका किनारी गावात बरीच वर्षं राहिले आणि शंभर वर्षं जगून २००४मध्ये गेले. आहारतज्ज्ञाला याहून चांगली जाहिरात मिळणं कठीण.

स्पेनमध्ये ७,४४७ लोकांवर झालेल्या मोठ्या चाचणीने २०१३मध्ये या आहाराला आणखी वजन दिलं. एका गटातल्या घरांना आठवड्याला लिटरभर उत्तम ऑलिव्ह तेल फुकट दिलं जात होतं. हृदयाघात, पक्षाघात आणि त्यांतून होणारे मृत्यू त्या गटात सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. माणसं गटांत वाटताना काही ठिकाणी चूक झाल्याचं उघड झाल्यावर तो निबंध मागे घेऊन २०१८मध्ये सुधारून पुन्हा छापावा लागला, निष्कर्ष मात्र जवळपास तोच राहिला. तेव्हा या पंथात जाजिकीवरची तेलाची धार हे पुण्यकर्म. दही-चीजला मधली पायरी आहे: रोज थोडं चालेल, ताट भरून नको.

पण पर्यटकांना न दिसणारी एक बाजू इथे आहे. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चचं पंचांग आपल्याइतकंच उपासांनी भरलेलं आहे. सगळे उपास नेमाने धरणारा माणूस वर्षातले १८० ते २०० दिवस मांसाबरोबर दूध-दहीही टाळतो. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाची सुरुवात 'शुद्ध सोमवार'ने होते. त्या दिवशी ग्रीसमध्ये माणसं पतंग उडवायला बाहेर पडतात, लगाना नावाचा चपटा पाव खातात, आणि त्याबरोबर माशाच्या अंड्यांची गुलाबी तारामोसालाता असते. मासा चालत नाही, माशाची अंडी चालतात. साबुदाणा चालतो आणि तांदूळ चालत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हसू नये. जाजिकी त्या दिवशी धर्मनिष्ठ घरात दिसत नाही. कीज यांच्या आकड्यांत या उपासांचा वाटा किती मोजला गेला, असा प्रश्न पुढे क्रीटच्याच संशोधकांनी विचारला, आणि तो रास्त आहे. ज्या आहाराचं चित्र आपण जाजिकीच्या वाटीसह रंगवतो, तो आहार अर्धं वर्ष त्या वाटीविना चालत होता.

तेलाच्या त्या धारेवरच दुसऱ्या पंथाचा आक्षेप आहे. १९६३मध्ये न्यूयॉर्कच्या जीन नायडेच या गृहिणीने 'वेट वॉचर्स' ही संस्था काढली. आठवड्याला जमायचं, वजन करायचं आणि खाल्लेल्या प्रत्येक घासाची नोंद ठेवायची, ही तिची पद्धत. नंतर तिथे गुणांची मोजणी आली. २०१७च्या अखेरीस आलेल्या नव्या योजनेत स्निग्धांश काढलेल्या बिनसाखरेच्या दह्याला शून्य गुण मिळाले, म्हणजे मोजायचंच नाही. काकडीला शून्य, लसणीला शून्य. तेव्हा तेल वगळून केलेली जाजिकी हिशेबातून पार सुटते आणि दोन चमचे तेल पडलं की वहीत नोंद करावी लागते. एकाच चमच्याची एका घरी आरती ओवाळली जाते आणि दुसऱ्या घरी त्याला उंबऱ्यावर अडवतात. चवीचं म्हणाल, तर स्निग्धांश काढलेलं दही आणि तेलाविना लसूण हे मिश्रण जिभेवर खडूसारखं लागतं. शून्य गुणांची तेवढी किंमत आहे.

रक्तदाबवाल्यांचा 'डॅश' आहार यापेक्षा समंजस. १९९७मध्ये अमेरिकेत ४५९ प्रौढांवर त्याची चाचणी झाली. भाज्या, फळं आणि कमी स्निग्धांशाचे दुधाचे पदार्थ भरपूर दिल्यावर आठ आठवड्यांत रक्तदाबाचा वरचा आकडा नेहमीचा अमेरिकन आहार घेणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेपाचने जास्त उतरला, आणि ज्यांना आधीपासून उच्च रक्तदाब होता त्यांच्यात अकराने. फक्त फळं-भाज्या वाढवलेल्या गटात एवढा फरक पडला नव्हता, म्हणजे दुधाच्या पदार्थांचा त्यात वाटा होता. जाजिकी इथे पाहुणी नाही, घरचीच. अडचण मिठाची. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचाही नाही. काकडीला चोळलेलं मीठ बरंचसं पाण्याबरोबर पिळून जातं, हे खरं. पण ते पिळल्यावर चव न बघता सवयीने पुन्हा मीठ घालणारे हात कमी नाहीत. शिवाय गाळताना कॅल्शियम थोडं निघून गेलेलं असतं, त्यामुळे या आहारात साधं दहीही तेवढंच कामाचं.

केटोवाल्यांचं सगळंच उलटं. तिथे शत्रू कर्बोदकं. दिवसाला २० ते ५० ग्रॅमच्या कुंपणात राहायचं, स्निग्धांश हवा तेवढा. हा आहार मुळात वजनासाठी नव्हता. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉक्टर रसेल वाइल्डर यांनी तो १९२१मध्ये अपस्माराच्या, म्हणजे फिट्स येणाऱ्या रुग्णांसाठी सुचवला होता. उपाशी ठेवल्यावर मुलांच्या फिट्स कमी होतात असं दिसलं होतं, पण मुलाला किती दिवस उपाशी ठेवणार? म्हणून उपाशी शरीराचा आभास निर्माण करणारं जेवण. आजही औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो वापरतात. या पंथात सायीच्या दह्याची, तेलाने थबथबलेली जाजिकी सन्मानाने बसते. तीन चमच्यांत अडीच ग्रॅम कर्बोदकं म्हणजे किरकोळ. बाहेर काढला जातो तो पिटा. त्याच्या जागी काकडीच्या फोडी, भोपळी मिरची, पनीरचे भाजलेले तुकडे. आणि फिक्या, स्निग्धांश काढलेल्या दह्याचा डबा, ज्याला वेट वॉचर्समध्ये शून्य गुणांचा मान होता, तो इथे बिनकामाचा.

काही घरांत मात्र जाजिकीला दारच बंद आहे. 'पॅलिओ' आहाराचं म्हणणं असं की शेती आणि पशुपालनाआधी माणूस जे खात होता तेवढंच खावं. लॉरेन कॉर्डेन यांच्या २००२मधल्या पुस्तकाने ते लोकप्रिय केलं. दूध नाही, म्हणजे दही नाही, म्हणजे विषय संपला. २००९मध्ये निघालेल्या तीस दिवसांच्या 'होल थर्टी' पथ्यातही दूधबंदी आहे. तर्क म्हणून ठीक. पण जाजिकचं गाव असलेल्या अ‍ॅनातोलियाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या, वायव्य भागात इसवीसनपूर्व सातव्या सहस्रकातल्या मडक्यांच्या खापरांत दुधाच्या स्निग्धांशाचे अंश सापडले आहेत. आठ-नऊ हजार वर्षांची सवय ज्यांना 'कालची' वाटते, त्यांच्याशी वाद कसा घालायचा?

व्हीगन मंडळींचा नकार नैतिक आहे, त्यामुळे तिथे कॅलरीचा हिशेब काढण्यात अर्थ नाही. 'व्हीगन' हा शब्द ब्रिटनमध्ये १९४४ सालचा. त्यांची जाजिकी सोया, काजू किंवा नारळाच्या दह्याची होते. सोयाच्या दह्यात प्रथिनं बऱ्यापैकी असतात, नारळाच्या दह्यात नावापुरती. त्याला दही म्हणावं का, हाही कज्जाच झाला: युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने २०१७मध्ये निकाल दिला की निव्वळ वनस्पतींपासून केलेला पदार्थ 'दूध', 'लोणी', 'चीज' अशा नावांनी विकता येणार नाही. ज्यू धर्मशास्त्रात मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. त्यामुळे ग्रीक सुवलाकीच्या, म्हणजे सळईवर भाजलेल्या मांसाच्या गुंडाळीत जाजिकीची जी जागा, ती इस्रायलमधल्या कोशर शवर्मात तिळाच्या ताहिनीची.

पोटाच्या तक्रारींसाठीचं एक पथ्य मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात तयार झालं. वारंवार पोट फुगणं, दुखणं, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ असा आतड्यांचा लहरीपणा असलेल्यांसाठी ते आहे. आतड्यात आंबून वायू करणाऱ्या काही विशिष्ट साखरा काही आठवडे बंद करायच्या आणि मग एकेक परत आणून कोण छळतं ते शोधायचं. कुणालाही वाटेल की इथे दही दोषी ठरणार. लॅक्टोज त्या यादीत आहेच. जगातल्या सुमारे दोनतृतीयांश प्रौढांना तो नीट पचत नाही. पण विरजण लावताना जिवाणू थोडा लॅक्टोज खातात, गाळताना थोडा जातो, आणि जिवंत विरजणाचं दही उरलेला लॅक्टोज पचवायला पोटात गेल्यावरही मदत करतं, हे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही २०१०मध्ये मान्य केलं आहे. छोटा वाटा अनेकांना सोसतो. इथे खरी गुन्हेगार लसूण. तिच्यातल्या फ्रुक्टान नावाच्या साखळ्या माणसाला पचत नाहीत. पळवाट मात्र सुंदर आहे: फ्रुक्टान पाण्यात विरघळतात, तेलात नाही. लसूण तेलात हळूहळू परतून काढून टाकायची आणि ते तेल जाजिकीत घालायचं. वास राहतो, छळ जातो. हे तेल करून लगेच वापरावं. लसूण बुडवलेलं तेल बाहेर साठवून ठेवलं तर त्यात घातक जिवाणूजन्य विषबाधेचा, बॉट्युलिझमचा धोका असतो.

हीच वाटी महाराष्ट्रात आणली तर? इथेही पंथ कमी नाहीत. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेली, डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघरी पोहोचवलेली पद्धत सांगते की दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. मधल्या वेळी पाणी किंवा पातळ ताक चालतं. म्हणजे गाळलेलं दही मधल्या वेळी निषिद्ध, आणि तेच दही पाणी घालून घुसळलं की संमत! जाजिकीला इथे जागा आहे, पण घड्याळ लावून. तुर्की जाजिक आणखी पातळ केलं तर कदाचित नियमाच्या काठावर बसेल, फक्त लसणीचं काय करायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

जैन घरात लसूण अर्थातच बाद, आणि बुडवायला गाजरही नाही. काकडी चालेल. पण शेव किंवा बेसनाची पुरी बुडवाल तर तेही नाही, कारण न तापवलेल्या दह्याबरोबर डाळीचा पदार्थ खाणं हा द्विदलाचा दोष मानला जातो. याउलट चरकसंहिता म्हणते की दही नुसतं खाऊ नये. तूप, साखर, मध, आवळा किंवा मुगाचं सूप यांच्याबरोबर खावं, आणि रात्री तर नकोच. एका शास्त्रात डाळ हा दोष, दुसऱ्यात तोच उपाय. रात्री दहा वाजता जाजिकी मागवणाऱ्या अथेन्सकरांना चरकांनी काय सुनावलं असतं, याची कल्पनाच केलेली बरी. आपल्या उपासाला मात्र हा पदार्थ सहज बसतो: लसूण काढा, व्हिनेगर काढा, ऑलिव्ह तेलाऐवजी तूप-जिऱ्याची फोडणी आणि मूठभर दाण्याचं कूट. झाली की नाही कोशिंबीर!

बाजारातला डबा विकत घेणाऱ्याने मात्र पंथापेक्षा चिठ्ठी आधी वाचावी. ब्रिटनमध्ये 'ग्रीक दही' या नावावरून फागे आणि चोबानी या दोन कंपन्यांत खटला झाला. फागे १९२६ साली अथेन्समध्ये एका दुग्धालयापासून सुरू झालेली, तर चोबानी अमेरिकेत, तुर्कस्तानातून आलेल्या हमदी उलुकाया यांनी उभारलेली. २०१४मध्ये अपील न्यायालयाने ठरवलं की ग्रीसमध्ये न झालेल्या दह्याला तिथे ते नाव लावता येणार नाही. म्हणून ब्रिटिश दुकानांत 'ग्रीक' आणि 'ग्रीक पद्धतीचं' हे दोन वेगळे डबे शेजारी शेजारी दिसतात. दुसऱ्यात कधी गाळण्याऐवजी साय, दूध पावडर किंवा स्टार्च घालून घट्टपणा आणलेला असतो. मुंबईतल्या एपिगामिया कंपनीने २०१५मध्ये 'ग्रीक योगर्ट' बाजारात आणल्यावर भारतातही असे डबे रुळले. चिठ्ठीवर शंभर ग्रॅममागे प्रथिनं चार-पाच ग्रॅम असतील तर ते दही फारसं गाळलेलं नाही एवढं समजावं. फळांच्या चवीच्या डब्यात साखर असते, त्याची जाजिकी करण्याचा प्रयोग कुणी करू नये.

आणि पातेल्यात उरलेलं पाणी? एक किलो गाळलेलं दही करायला तीन ते चार किलो दूध लागतं, बाकीचं सगळं आंबट पाणी. अमेरिकेत गेल्या वीस वर्षांत या दह्याचा खप इतका वाढला की न्यूयॉर्क राज्यातल्या कारखान्यांना त्या पाण्याची विल्हेवाट ही डोकेदुखी झाली. ओढ्यात सोडलं तर ते पाण्यातला प्राणवायू संपवून मासे मारतं, म्हणून टँकर भरून ते गाईंच्या चाऱ्यात, शेतात आणि बायोगॅसच्या टाक्यांत जातं. पाडव्याच्या सकाळी चक्का बाजूला काढून झाल्यावर मराठी स्वयंपाकघरात त्याच पाण्यात मीठ, ओवा आणि तिखट घालून थालीपिठाची भाजणी भिजते. श्रीखंड दुपारी, थालीपीठ त्याआधी.